गार गाडीत गरम डायनामो

त्याला सगळे वैद्य म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे, ही पदवी. आणि ती त्याला ज्यांच्या गाड्या भर रस्त्यात रुसून बसल्या अशा लोकांनी दिली होती. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. एक शटर, आत बॅटऱ्या चार्जिंगला लावायचं लाकडी टेबल, टेबलावर ॲसिडचे डाग, भिंतीवर वायरींची भेंडोळी, आणि बाहेर जेमतेम दीड गाडी मावेल एवढी जागा. दुसऱ्या गाडीचं अर्धं अंग रस्त्यावर असायचं आणि त्यावरून रोज कुणाशी तरी हुज्जत. चाळीस वर्षं हा माणूस तिथे उभा. बॉनेट उघडायचं, बॅटरीवर पंजा ठेवायचा, सेल्फ मारायला सांगायचं, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि निदान सांगून मोकळं व्हायचं. दहातली आठ निदानं बरोबर यायची, हे कबूल केलंच पाहिजे. उरलेल्या दोनांचं खापर तो गाडीवाल्यावर फोडायचा. "दिवे चालू ठेवून झोपलात ना?" असं तो अशा काही दमात विचारायचा, की माणूस न केलेली चूकसुद्धा कबूल करून टाकायचा.

दूर नोकरीला असलेल्या मुलाने त्याला वीज मोजायचा एक छानसा मीटर पाठवला होता. तो दोन वर्षं खोक्यातच. कुणी विचारलंच तर वैद्य म्हणायचा, "नाडी कळते त्याला यंत्र कशाला?" लोक हसायचे, वैद्याची छाती दोन इंच फुगायची. खरी गोष्ट अशी, की त्याला मीटर वाचता येत नव्हता. त्याची शाळा चौथीत सुटली. साधे आकडे यायचे, पण आकड्यांच्या मधे ते टिंब आलं की डोकं बंद पडायचं. बारा टिंब सहा मोठं की बारा टिंब सव्वीस, हे आता या वयात विचारायचं कुणाला? चारचौघांत पितळ उघडं पडण्यापेक्षा मीटरलाच नावं ठेवलेली बरी. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि ती बिचारी कुठे बोलली नाही.

मीटरच्या ऐवजी त्याच्याकडे एक खेळ होता. गाडी चालू ठेवायची आणि चालू गाडीतच बॅटरीची वायर काढायची. बॅटरीचं काम गाडी सुरू करणं. एकदा इंजिन फिरायला लागलं, की पट्ट्यावरचा डायनामो वीज तयार करतो, गाडीही चालवतो आणि बॅटरीही भरतो. तेव्हा वायर काढूनही इंजिन चालूच राहिलं, तर डायनामो चांगला. बंद पडलं, तर डायनामो गेला. वैद्याच्या उस्तादाने शिकवलेली ही परीक्षा. त्या काळच्या गाड्यांत ती खपून जायची, कारण बल्ब आणि हॉर्न सोडला तर जळण्यासारखं आत काही नव्हतंच. आताच्या गाड्यांत कॉम्प्युटरचा डबा असतो. बॅटरी मधून निघाली की डायनामोची वीज सावरायला कुणी उरत नाही, ती एकदम उसळते आणि डब्याचा जीव घेते. वैद्याने हे ऐकलं नव्हतं असं नाही. चांगलं दोनदा ऐकलं होतं. पण वायर हवेत धरून "बघा!" म्हणायची चटक लागली होती, ती सुटते कशाला!

त्या शनिवारी बाईंची गाडी आली. बाई म्हणजे मागच्या शाळेतल्या गणिताच्या निवृत्त बाई. वैद्याच्या मुलालाही त्यांनीच शिकवलं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकट्या राहायच्या, स्वतः गाडी चालवायच्या आणि सिग्नलला पुढच्याने वेळ लावला की काच खाली करून त्याला पाढे म्हणायला लावतील अशा आवाजात ओरडायच्या. गाडी घेऊन आला होता त्यांचा जावई. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी, अंगाने किरकोळ, आवाज इतका हळू की दुसऱ्यांदा विचारावं लागे. पण हाताला हुन्नर. घरातली वायरिंग स्वतः केलेली, सासूबाईंना गाडीत बातम्या ऐकता याव्यात म्हणून रेडिओचा सेटही त्यानेच बसवला होता.

"दर तिसऱ्या सकाळी बॅटरी उतरते, काका," तो म्हणाला. "कुठेतरी करंट झिरपतोय. मीटर लावून बघता का?"

दुकानासमोर नेहमीची सहा-सात टाळकी उभी होती. मीटर म्हटल्यावर वैद्याच्या कपाळाला आठी पडली. "साहेब, तुम्ही नकाशे काढा. रोग आम्ही काढतो," तो म्हणाला. टाळकी हसली. त्याने गाडी सुरू करायला लावली आणि पाना हातात घेतला.

"काका, चालू गाडीची वायर नका काढू," जावई पुढे होऊन म्हणाला. "आत डबा आहे."

"डबा जेवणाचा का?" वैद्य म्हणाला. पुन्हा हशा. त्याने वायर काढली. इंजिन आपलं चालूच. "बघा! डायनामो ठणठणीत!" वायर लावली. इथे थांबला असता तर कदाचित काही झालंही नसतं. पण मागून कुणीतरी आलं आणि म्हणालं, "आम्ही नाही बघितलं," आणि या शहाण्याने इंजिन जरा रेस करायला लावून वायर पुन्हा काढली. गाडीने एक आचका दिला. स्टिअरिंगसमोरचे सगळे दिवे एकदम लागले, एकदम गेले. इंजिन बंद. मग सेल्फ मारा नाहीतर डोकं आपटा, गाडी ढिम्म.

वैद्याला त्याच क्षणी कळलं. जावई त्याच्याकडे बघत होता. रागाने नव्हे, नुसता बघत होता. आणि तेवढ्यात बाई आल्या, हातात भाजीची पिशवी घेऊन. "काय हो वैद्य, काय निघालं?"

आता इथे माणसाने काय म्हणायचं? तीन शब्द होते: माझ्या हातून गेलं. पण सहा-सात जण ऐकत उभे, समोर गणिताच्या बाई, आणि आयुष्यात "माझं चुकलं" म्हणायची जिभेला सवयच नव्हती. ती जीभ भलतीकडेच वळली. "हा सेट कुणी बसवला?" वैद्य म्हणाला. "वायर उघडी सोडलीय. त्यानेच बॅटरी उतरत होती आणि आता त्यानेच डबा खाल्ला."

बाईंनी जावयाकडे पाहिलं. जावयाने वैद्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलेल. पण त्याने बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि बाजूला उभा राहिला.

नवा डबा यायला आठवडा लागला. वैद्याने जीव ओतून काम केलं. सेट काढला, डबा बसवला, बॅटरी भरून दिली, आणि मजुरीचा विषय निघाला की ऐकू न आल्यासारखं केलं. झालं! बाईंनी त्याला डोक्यावर घेतला. "आजकाल इतका सचोटीचा माणूस मिळायचा नाही," असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या. त्यांच्या ओळखीने तीन गाड्या आल्या. प्रत्येक गाडीवाला म्हणायचा, "बाई म्हणाल्या, तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा." वैद्य "हो हो" म्हणत बॉनेटमध्ये डोकं घालायचा. बॉनेटखाली तोंड लपतं, हा एक फायदा. वायर काढायचा खेळ त्याने बंद केला होता. टाळक्यांनी आग्रह केला तर खेकसायचा. चार दिवसांत ती टाळकीही दुसऱ्या दुकानासमोर गेली.

महिन्याभराने शनिवारी दुपारी बाई पुन्हा आल्या, चालत. "वैद्य, बॅटरी परत उतरली हो. पंधरा दिवस रोज लांब फिरवली तोवर छान चालली. पण आता गाडी बाहेर निघतच नाही ना, उभीच असते."

"का? लेकीकडे जात नाही रविवारी?" वैद्याने सहज विचारलं आणि लगेच जीभ चावली.

बाई स्टुलावर बसल्या. आधी पिशवीचा बंद गुंडाळला, मग सोडला. "जावई बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे बोलतात, पण… मी जेवताना बोलले त्यांना. ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये, एवढं शाळेतल्या पोरांनाही कळतं, असं म्हटलं मी. नात समोर होती. त्यांनी फक्त 'चुकलं, आई' म्हटलं आणि ताट तसंच ठेवून उठले. तेव्हापासून आले नाहीत. लेक येते, अर्धा तास खुर्चीच्या टोकाला बसते आणि जाते. आता मी तरी खोटं काय बोलले सांगा? तुम्हीच म्हणालात ना?"

"हो," वैद्य म्हणाला.

बॅटरी चार्जिंगला लावली. संध्याकाळी बाईंच्या घरी नेऊन बसवली आणि सांगितलं, उद्या सकाळी तुम्ही गाडी हलवायच्या आत मी येतो. घरी येऊन त्याने खोक्यातून मीटर काढला. बटण फिरवलं, काही दिसेना. मीटरच्या आतलीच बॅटरी उतरली होती.

"घ्या! वैद्याच्या घरीच आजारी," बायको म्हणाली. एरवी तो हसला असता. तिने भाजी निवडता निवडता त्याच्याकडे नीट बघितलं. "काय झालंय हो तुम्हाला? महिनाभर बघतेय. कुणी दारात आलं तरी दचकता."

त्याने सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं, हशा धरून, "डबा जेवणाचा का" धरून. बायकोचे हात थांबले. "आणि तो पोरगा काहीच बोलला नाही?"

"नाही."

"मग तुमची धडगत नाही," ती म्हणाली. "भांडला असता तर तुम्हाला झोप तरी लागली असती." आणि उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून मीटरसाठी नवी बॅटरी घेऊन आली.

सकाळी सहाला वैद्य बाईंच्या दारात. रात्रभर उभी असलेली गाडी, काचांवर दव, पत्रा गारठलेला. उस्ताद सांगायचा, करंट झिरपत असेल तर गार गाडीत गरम काय लागतं ते हाताने शोध. ही परीक्षा त्यानेच तर शिकवली होती, पण तिला टाळ्या पडत नाहीत, म्हणून कित्येक वर्षांत केलीच नव्हती. वैद्याने बॉनेट उघडलं. इंजिनवर हात ठेवला: गार. फ्यूजच्या पेटीवर: गार. मग हात खाली घालून डायनामोवर टेकवला.

डायनामो कोमट होता. रात्रभर कुशीत झोपलेल्या पोराच्या पाठीसारखा.

आतला डायोड, म्हणजे वीज उलटी फिरू न देणारी झडप, गेला होता. डायनामो दिवसा बॅटरी भरायचा आणि रात्री तीच वीज गुपचूप पिऊन टाकायचा. ज्याला त्याने चारचौघांत ठणठणीत म्हटलं तोच आजारी होता, आणि सेटचा, जावयाचा, कुणाचा काडीचाही संबंध नव्हता. महिन्यापूर्वी असाच हात ठेवला असता तर दोन मिनिटांचं काम. वैद्याला वाटलं, हा हात मनगटापासून काढून ठेवावा.

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. "सापडलं?"

"डायनामो आहे. बदलावा लागेल."

"म्हणजे त्या सेटनेच डायनामोही घालवला ना?" बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आशा होती. आपण जावयाला बोललो ते बरोबरच होतं, एवढं कुणीतरी म्हणायला त्यांना हवं होतं. वैद्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नवा डायनामो बसला असता, गाडी चालली असती, गल्लीत पुन्हा उदोउदो.

"नाही, बाई," तो म्हणाला. चहाचा कप त्याने बॉनेटच्या कडेवर ठेवला. "सेटने काहीच नाही केलं. डबा माझ्या हातून गेला. चालू गाडीची वायर काढली मी. तुमचे जावई नको म्हणत होते. मी त्यांची थट्टा केली. मग तुम्ही आलात आणि मी त्यांच्यावर ढकललं. ते समोर उभे असताना ढकललं."

त्याने वाट पाहिली. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चौकात ओरडतात तसं.

"डब्याचे पैसे मी–"

"पैशांचं नंतर," बाई म्हणाल्या. "मी त्यांना जे बोलले ते कुठे परत घेता येतं, सांगा. त्यांना विचारलंसुद्धा नाही मी, काय झालं म्हणून. तुम्ही सांगितलंत आणि मी मान्य केलं. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तर धरायचं नाही." मग घरात जाऊन किल्ली आणली. "बसा गाडीत."

"मी?"

"मग कोण? तुम्हीच सांगायचं त्यांना. मी सांगितलं तर ते मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतील."

वैद्य बाजूच्या सीटवर बसला. वाटेत बाई कुणावरही ओरडल्या नाहीत.

जावयाचं घर दुसऱ्या मजल्यावर. दारावर कागद चिकटवलेला: बेल बंद आहे, दार वाजवा. बाई तो कागद बघत राहिल्या. "ही बेल त्यांनीच केली होती," त्या म्हणाल्या. "मी आले की वेगळी वाजायची. कशी ते मला कधी कळलं नाही."

दार नातीने उघडलं. "आजी!" म्हणून बिलगली आणि मग जुनी ओळख असल्यासारखं वैद्याला म्हणाली, "बेल बिघडलीय. बाबा आता वायरला हात लावत नाहीत."

वैद्याला वाटलं, इथूनच परत फिरावं. पण मागे बाई होत्या. जावई बाहेर आला, वैद्याला बघून गोंधळला, बसा म्हणाला. वैद्य बसला नाही. उभ्यानेच बोलला, सगळं, डायनामोपर्यंत. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. संपल्यावर वर बघितलं.

"मला पहिले दोन दिवस खात्री होती," जावई हळू आवाजात म्हणाला. "मग वाटायला लागलं, चाळीस वर्षं हे काम करणारा माणूस, तो कशाला खोटं बोलेल? माझंच काहीतरी राहिलं असेल. रोज मनात ते जोड पुन्हा पुन्हा तपासायचो. शेवटी मलाच आठवेना, टेप लावली होती की नाही."

"लावली होती," वैद्य म्हणाला. "सेट मीच काढला ना. एकेक जोड बघितला. माझ्यापेक्षा नीट काम होतं."

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने वैद्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि तेच बरोबर होतं. बाई पुढे झाल्या, जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जावईच म्हणाला, "राहू द्या, आई." मग, जणू विषय बदलावा म्हणून: "डायनामो खरंच गरम लागला?"

"आत्ता दाखवता यायचं नाही. आत्ता सगळंच गरम," वैद्य म्हणाला. "उद्या सहाला बाईंकडे या."

तो आला. सोमवारी, कचेरीच्या कपड्यांत, बरोबर सहाला. त्याने आत हात घातला, डायनामोला टेकवला आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "खरंच की."

वैद्याने खिशातून मीटर काढला. "किती झिरपतोय ते यावर कळेल. तुम्ही लावा." मग बाईंकडे न बघता म्हणाला, "मला हा वाचता येत नाही. टिंबाचे आकडे येत नाहीत मला. कधीच आले नाहीत."

"चाळीस वर्षं?" बाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं."

इंजिन बंद होतं. मीटर मधे जोडायला वायर काढायचीच होती, आणि आता त्यात धोका नव्हता. हे काम कुणीही केलं असतं. जावयाने मीटर घेतला, बटण फिरवलं, बॅटरीकडे हात नेला. आणि बोटभर अंतरावर हात थांबला. त्याने तो मागे घेतला, पँटला पुसला, आणि सासूबाईंकडे बघून विचारलं, "आई, हात लावू का?"

बेचाळीस वर्षांचा माणूस. घरभर वायरी स्वतः ओढलेला. बाईंनी पदर तोंडावर धरला.

वैद्याने दहा नंबरचा पाना त्याच्या हातात ठेवला. जळलेल्या डब्याच्या जागी नवा डबा आठवड्यात आला होता. हे जे गेलं होतं ते कुठल्या दुकानात मिळत नव्हतं, आणि ते घालवणारा इथे, त्याच्या शेजारीच, मान खाली घालून उभा होता.

"लावा, साहेब," वैद्य म्हणाला. या खेपेला कुणी हसलं नाही.